सनद-परीक्षा आणि सराव-प्रश्नसंच : एक चिकित्सा

१

परीक्षापद्धतीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रश्नपत्रिका कशी असावी, गुणदान कोणत्या तत्त्वावर व्हावे, निबंधवजा प्रश्न बरे की वस्तुनिष्ठ प्रश्न बरे, या वादांना आता बराच काळ लोटला. परंतु परीक्षार्थी ज्या साधनावर परीक्षेपूर्वीचे कित्येक आठवडे खर्ची घालतो, त्या सराव-प्रश्नसंचाची चिकित्सा क्वचितच कोणी केलेली आढळते. अशा संचांची परीक्षणे येत नाहीत, आणि विद्वानांना त्यांचा उल्लेख करावाच लागला तर तो किंचित् नाक मुरडूनच केला जातो. ही उपेक्षा अनाठायी आहे. ज्या पुस्तकामुळे पदवीधराच्या मनातील आपल्या व्यवसायाच्या कल्पनेला अखेरचा आकार येतो, ते पुस्तक चांगले की वाईट, हे ठरविणे हे अभ्यासकाचेच काम होय.

हे काम एका विशिष्ट परीक्षेला धरून करणे सोयीचे आहे. कारण सर्व परीक्षांना लागू पडेल असे विधान बहुधा कोणत्याच परीक्षेला नीट लागू पडत नाही. येथे निवडलेली परीक्षा म्हणजे भारतीय वकील परिषदेची, अर्थात् बार कौन्सिल ऑफ इंडियाची, अखिल भारतीय वकील परीक्षा. विधिशाखेच्या पदवीधराचे नाव राज्याच्या वकील परिषदेकडे नोंदले जाते (महाराष्ट्र व गोवा यांची परिषद एकच आहे) आणि त्याला सनद मिळते. परंतु नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज त्याला व्यवसाय पुढे चालविता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात तिला 'सनद-परीक्षा' असे सोयीचे नाव दिले आहे.

या परीक्षेचा इतिहास थोडक्यात असा. प्रशिक्षण सक्तीचे करणारे वकील परिषदेचे १९९५ चे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली व्ही. सुदीर प्रकरणात अधिकारबाह्य ठरविले. पुढे परिषदेने २०१० साली परीक्षेचे नियम केले, आणि पहिली परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. तिच्या वैधतेचा वाद बारा वर्षे चालला. अखेर १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बॉनी फोई विधि महाविद्यालयाच्या प्रकरणात निर्णय दिला, की अशी परीक्षा घेण्याचा अधिकार परिषदेस आहे, आणि सुदीर प्रकरणातील विपरीत मत ग्राह्य नाही. परीक्षा असावी की नसावी हा प्रश्न अशा रीतीने निकालात निघाला. ती कशी असावी, आणि तिची तयारी कशी व्हावी, हे प्रश्न मात्र शिल्लक राहिले. त्यांतील दुसरा प्रश्न या लेखाचा विषय आहे. परंतु पहिल्याचा स्पर्श झाल्यावाचून दुसऱ्याचे विवेचन होऊ शकत नाही, हे पुढे दिसून येईल.

२

सराव परीक्षेपासून दोन भिन्न कार्यांची अपेक्षा केली जाते. एक, तिने शिकवावे. दुसरे, तिने मोजावे. ही दोन कार्ये एकमेकांची शत्रू नाहीत. परंतु ती एक नाहीत, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांचा मूळ दोष हाच, की त्यांत या दोहोंची सरमिसळ झालेली असते. त्यामुळे ते धड शिकवीत नाहीत आणि धड मोजीतही नाहीत.

प्रथम शिकविण्याच्या कार्याचा विचार करू. स्वतःची परीक्षा घेणे हा शिकण्याचाच एक मार्ग आहे, हे आता मानसशास्त्रात सुप्रतिष्ठित झालेले मत आहे. हर्बर्ट स्पिट्झर यांनी १९३९ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या तीन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगात त्याचा पुरावा आढळतो. अलीकडचा बहुचर्चित प्रयोग रोडिगर व कार्पिकी यांचा, २००६ सालचा. त्यांनी विद्यार्थ्यांना लहान गद्य उतारे दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून नंतर तीन वेळा, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वारंवार वाचणारा गट सरस ठरला : त्याला मजकुराचा ८३ टक्के भाग आठवला, तर दुसऱ्या गटाला ७१ टक्के. परंतु एका आठवड्यानंतर चित्र पालटले. वाचणाऱ्यांच्या स्मरणात ४० टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात ६१ टक्के. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याला पुढे हे चांगले आठवेल असा विश्वास वारंवार वाचणाऱ्या गटालाच अधिक वाटत होता.

या प्रयोगाचा दाखला सराव परीक्षांच्या समर्थनार्थ देताना एक भेद मात्र विसरला जातो. रोडिगर-कार्पिकी यांच्या विद्यार्थ्यांपुढे चार पर्याय ठेवलेले नव्हते. त्यांच्यापुढे कोरा कागद होता. मनातून वस्तू बाहेर काढणे आणि समोर ठेवलेल्या चार वस्तूंतून ओळखीची वस्तू उचलणे या भिन्न क्रिया आहेत. पहिलीला प्रत्यावाहन म्हणतात, दुसरीला प्रत्यभिज्ञा. बहुपर्यायी प्रश्नांनी शिकणे होतच नाही, असे म्हणण्याचा येथे आशय नाही. ते होते, परंतु त्यासोबत एक धोकाही येतो. रोडिगर व मार्श यांनी २००५ साली दाखवून दिले, की बहुपर्यायी चाचणीतील चुकीचे पर्याय वाचणाऱ्याच्या मनात रुजतात, आणि पुढे तेच तो खरे म्हणून सांगतो. बटलर व रोडिगर यांच्या २००८ सालच्या प्रयोगाने यावरचा उतारही दाखविला : उत्तर दिल्यावर बरोबर काय होते हे कळविले, तर हा अपाय पुष्कळ कमी होतो.

या कसोटीवर प्रचलित प्रश्नसंच पारखून पाहावा. त्याची ठराविक रचना अशी असते : प्रश्न, चार पर्याय, आणि प्रकरणाच्या शेवटी उत्तरांची एक दाटीवाटीची तालिका, १-ब, २-ड, ३-अ. ही तालिका उत्तर सांगते, पण त्याचे कारण सांगत नाही. ज्या विद्यार्थ्याने 'क' निवडले त्याला 'ब' बरोबर होते एवढेच समजते. 'क' का चुकले, कोणत्या गैरसमजाने त्याचा हात तिकडे गेला, हे समजण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. त्यावर तो एकच उपाय करतो : 'ब' पाठ करतो. ज्या संचात प्रत्येक उत्तराशेजारी अधिनियमातील तरतुदीचा निर्देश आणि उरलेले तीन पर्याय त्याज्य का, याचे दोन ओळींचे विवेचन असते, तो संच याच कारणाने निराळ्या प्रतीचा मानला पाहिजे. असे संच आहेत. परंतु ते जाडजूड होतात, आणि प्रश्नांच्या संख्येवर पुस्तकाची किंमत करणाऱ्या ग्राहकाला ते महाग वाटतात.

३

आता मोजण्याचे कार्य. सनद-परीक्षेत १९ विषयांवर १०० प्रश्न असतात, आणि चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण होण्यास सर्वसाधारण व इतर मागास प्रवर्गास ४५ टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग परीक्षार्थींस ४० टक्के गुण लागतात. या थोड्या आकड्यांतून काय निष्पन्न होते, ते पाहणे उद्‌बोधक आहे.

चार पर्यायांच्या प्रश्नाचे उत्तर डोळे मिटून दिले तरी सरासरीने चारांतून एकदा ते बरोबर येणारच. अर्थात् ज्याला १०० पैकी फक्त २७ प्रश्नांची उत्तरे खात्रीने येतात, त्याने उरलेल्या ७३ प्रश्नांना अंदाजाने खुणा केल्या तर त्याच्या पदरात सरासरीने आणखी १८ गुण पडतात, आणि तो ४५ च्या उंबरठ्यावर येऊन पोहोचतो. तेव्हा घरी सोडविलेल्या सराव परीक्षेत ४५ गुण मिळाले, या वाक्याचा अर्थ 'मला निम्म्याच्या जवळपास कायदा येतो' असाही असू शकतो आणि 'मला एक चतुर्थांशाहून थोडा अधिक कायदा येतो' असाही असू शकतो. नुसता एकूण गुणांचा आकडा या दोहोंत भेद करू शकत नाही. भेद करण्याचा उपाय मात्र अत्यंत सोपा आहे. प्रत्येक उत्तरापुढे परीक्षार्थीने 'खात्रीचे' किंवा 'अंदाजाचे' अशी एक खूण करावी, आणि तपासताना दोहोंची बेरीज वेगवेगळी मांडावी. एवढ्या साध्या सूचनेलाही छापील संचांत क्वचितच स्थान मिळते.

दुसरी गोष्ट एका परीक्षेच्या भरवशाची. ज्याची तयारी अशी आहे, की कोणताही प्रश्न बरोबर येण्याची शक्यता निम्मी, त्याला १०० प्रश्नांत सरासरीने ५० गुण पडतील. परंतु ढोबळ हिशेबाने पाहता सुमारे सात वेळांतून एकदा तो ४४ किंवा त्याहून खाली येईल. तयारी तीच, माणूस तोच, आणि निकाल निराळा. म्हणून एका सराव परीक्षेत ५२ मिळाले म्हणजे किनारा गाठला असे मानणे जितके चुकीचे, तितकेच एकदा ४३ मिळाले म्हणून खचून जाणेही चुकीचे. मोजण्यासाठी घ्यावयाच्या परीक्षा पूर्ण लांबीच्या, पूर्ण वेळेच्या, आणि पूर्वी कधीही न पाहिलेल्या प्रश्नांच्याच असल्या पाहिजेत. आणि अशा तीन-चार परीक्षांची सरासरीच विचारात घेतली पाहिजे.

'पूर्वी कधीही न पाहिलेल्या' या शब्दांवर येथे भर देणे अवश्य आहे. एकच संच तिसऱ्यांदा सोडविणाऱ्याचे गुण ४८ वरून ७१ वर गेले, तर ती वाढ कायद्याच्या ज्ञानाची की त्या संचाच्या ओळखीची? अमेरिकेत डॅनिएल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली एका मोठ्या शहराच्या शाळांतून याचा मासला पुढे ठेवला. तेथे जुनी प्रमाणित चाचणी जाऊन नवी आली, तेव्हा पहिल्या वर्षी मुलांचे गुण एकदम घसरले; चार वर्षांत ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर चढले. मग संशोधकांनी काही मुलांना पुन्हा जुनी चाचणी दिली, तेव्हा त्या चाचणीतील त्यांचे गुण आता घसरलेले आढळले. चढले होते ते त्या-त्या चाचणीचे गुण. गणिताचे ज्ञान जागच्या जागीच होते. आपल्या परीक्षार्थीची तिसरी आवृत्ती याहून फार निराळी नसते.

४

येथवरचा विचार कोणत्याही परीक्षेला थोड्याफार फरकाने लागू करता येईल. परंतु सनद-परीक्षेचे एक वैशिष्ट्य असे आहे, की तिच्या संदर्भात सराव-प्रश्नसंचाचा दोष केवळ अध्यापनशास्त्रीय राहत नाही. ते वैशिष्ट्य म्हणजे परीक्षागृहात अधिनियमाची प्रत जवळ बाळगण्याची मुभा. आरंभीच्या परीक्षांत पुस्तके व टिपणेही नेता येत असत. २०२१ पासून ती बंद झाली, आणि केवळ टिपांविरहित अधिनियम, ज्याला विद्यार्थी 'बेअर ॲक्ट' म्हणतात, तेवढा नेता येतो. या नियमामागील कल्पना स्पष्ट आहे. वकिलाला सर्व कायदा पाठ असावा असे कोणीच म्हणत नाही. कायद्याची मूळ प्रत हाती असता त्याला ती वाचता यावी, तीत हवी ती तरतूद शोधता यावी, आणि समोरच्या प्रकरणाला ती लावता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

असे असता प्रचलित संच कशाचा सराव करून घेतात? मुख्यतः कलमांच्या क्रमांकांचा. 'अमुक अपराधाची शिक्षा कोणत्या कलमात सांगितली आहे?' आणि पुढे चार संख्या. या प्रकारच्या प्रश्नांची निंदा सरसकट करू नये. न्यायालयीन व्यवहारात कलमाचा क्रमांक ही एक सोयीची परिभाषाच आहे, आणि ज्याला ती मुळीच अवगत नाही त्याला न्यायालयात चाललेले बोलणेही कळावयाचे नाही. परंतु क्रमांक हा पत्ता आहे. पत्ता पाठ असलेल्या माणसाला त्या घरात कोण राहते हे ठाऊक असतेच असे नाही.

या भेदाचा प्रत्यय १ जुलै २०२४ रोजी आला. त्या दिवशी १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे २०२३ चे कायदे अमलात आले. तरतुदींचा आशय पुष्कळ अंशी कायम राहिला; पत्ते मात्र बदलले. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. नव्या संहितेतील ३०२ वे कलम धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. फसवणुकीचे, लोकांच्या तोंडी म्हणीसारखे रुळलेले ४२० आता ३१८ व्या कलमात सामावले आहे. पूर्वी ३०४ व्या कलमात सदोष मनुष्यवधाची शिक्षा होती. आता त्याच क्रमांकाखाली झपटमारी हा अपराध आहे. सर्वांत बोलके उदाहरण प्रक्रियेच्या संहितेतील आहे. जुन्या संहितेत ४८२ वे कलम म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या संहितेत ते अधिकार ५२८ व्या कलमात गेले, आणि ४८२ वे कलम अटकपूर्व जामिनाचे झाले, जे पूर्वी ४३८ वे होते.

ज्याने केवळ क्रमांक घोकले होते त्याचे भांडवल एका रात्रीत बुडाले. इतकेच नव्हे, तर ते त्याच्यावर उलटले. कारण ४८२ हा आकडा अजूनही संहितेत आहे आणि अजूनही महत्त्वाचाच आहे. फक्त त्याचा अर्थ दुसरा आहे. उलट, ज्याने अंगभूत अधिकार म्हणजे काय, ते केव्हा वापरले जातात, हे समजून घेतले होते, त्याला नव्या संहितेची अनुक्रमणिका चाळण्यापलीकडे काही करावे लागले नाही.

या बदलाला प्रश्नसंचांनी दिलेले उत्तर त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. जुना क्रमांक एका रकान्यात, नवा दुसऱ्या रकान्यात, अशा तुलनात्मक तालिका छापल्या गेल्या; प्रश्न तेच राहिले, पर्यायांतील संख्या तेवढ्या बदलल्या. तालिका उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु एक महत्त्वाची गोष्ट तालिकेत मावत नाही. जुने कायदे रद्द झाले तरी १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधाला जुनी दंड संहिताच लागू राहते. कारण जो कायदा अपराधाच्या वेळी अमलात नव्हता त्याखाली कोणास शिक्षा देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मधील तत्त्व आहे. तेव्हा आजच्या वकिलाला कित्येक वर्षे दोन्ही संहिता जवळ बाळगून काम करावे लागणार, आणि पक्षकाराला त्याने विचारावयाचा पहिला प्रश्न 'हे केव्हा घडले?' हाच असणार. यावरून एक साधी कसोटी हाती लागते. फौजदारी कायद्यावरील ज्या सराव-प्रश्नात घटनेची तारीख दिलेली नाही, आणि कोणत्या संहितेखाली उत्तर द्यावयाचे हेही सांगितलेले नाही, तो प्रश्न सदोष समजावा. ही कसोटी लावून एखादा संच चाळून पाहावा. त्याची पाने किती वेगाने गळू लागतात ते दिसेल.

५

दोष दाखविले, आता गुणवान प्रश्न कसा असतो तेही दाखविले पाहिजे. नाही तर टीका अपुरी राहील. एकाच विषयावरील दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहू. पहिला असा : 'दखलपात्र अपराधाची प्रथम खबर नागरिक सुरक्षा संहितेच्या कोणत्या कलमान्वये नोंदविली जाते?' उत्तर : १७३. प्रश्न बिनचूक आहे, आणि त्यापलीकडे त्यात काही नाही.

दुसरा असा. एसटीने नाशिकहून जुन्नरला निघालेल्या एका बाईंचे चाळीस हजार रुपयांचे दागिने १२ ऑगस्ट २०२४ रोजी सिन्नरच्या हद्दीत चोरीला गेले. जुन्नरला उतरल्यावर ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आली, आणि त्या तेथील पोलीस ठाण्यात गेल्या. घटना आमच्या हद्दीत घडलेली नाही, असे सांगून अधिकाऱ्याने खबर नोंदविण्यास नकार दिला. बाई तुमच्याकडे आल्या आहेत. तुम्ही कोणता सल्ला द्याल? (अ) अधिकाऱ्याचे म्हणणे योग्य आहे, त्यांनी सिन्नरलाच गेले पाहिजे. (ब) त्यांनी थेट उच्च न्यायालयात जावे. (क) त्यांनी खबरेचा मजकूर लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा, आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. (ड) आता खाजगी फिर्याद हाच एक मार्ग उरला आहे.

या प्रश्नाचे उत्तरही १७३ व्या कलमातच आहे. परंतु ते शोधण्यासाठी परीक्षार्थीला ते कलम उघडून वाचावे लागते. पहिल्या पोटकलमात अपराध कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर देता येते असे सांगितले आहे; म्हणून 'अ' गळतो. चौथ्या पोटकलमात नकार मिळाल्यास अधीक्षकांकडे आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा क्रम दिला आहे; म्हणून 'क' टिकतो. प्रत्येक चुकीचा पर्याय एका खऱ्याखुऱ्या गैरसमजाचा प्रतिनिधी आहे : 'अ' निवडणाऱ्याला हद्दीचा नियम ठाऊक नाही, 'ब' निवडणाऱ्याला उपायांचा क्रम ठाऊक नाही, 'ड' निवडणाऱ्याने कलम अर्धेच वाचले आहे. म्हणजे येथे चुकीचे उत्तरसुद्धा काहीतरी शिकवून जाते. कारण ते परीक्षार्थीच्या अज्ञानाचे नेमके स्थान दाखविते.

या प्रकारच्या प्रश्नाचा आणखी एक गुण असा, की त्यातील एक तपशील बदलला म्हणजे नवा प्रश्न तयार होतो. दागिन्यांची किंमत पाच हजारांच्या आत आणली, की हा अपराध दखलपात्र आहे की नाही हाच प्रश्न उभा राहतो, आणि परिशिष्ट उघडावे लागते. तारीख मे २०२४ केली, की चोरीचे कलम जुन्या संहितेत शोधावे लागते. असे प्रश्न पाठ करून उपयोग नाही. ते सोडवावेच लागतात. आपल्या परंपरेतील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धती, किंवा विधि महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालय, यांच्याशी त्यांचे नाते आहे. सराव-प्रश्नसंच हा हलका वाङ्मयप्रकार आहे असे मानणाऱ्यांनी असा एक प्रश्न निर्दोष रचून पाहावा. त्याला किती श्रम लागतात ते कळेल.

मराठी संचांच्या बाबतीत येथेच एका गोष्टीचा निर्देश केला पाहिजे. ही परीक्षा मराठीतूनही देता आलेली आहे, आणि मराठीची स्वतःची न्यायालयीन परिभाषा जुनी व रुळलेली आहे : दखलपात्र, फिर्याद, दावा, हुकूमनामा, प्रतिज्ञापत्र. हिंदी पुस्तकावरून घाईने बेतलेल्या संचात 'दखलपात्र' च्या जागी 'संज्ञेय' आणि 'फिर्याद' च्या जागी 'परिवाद' आले, तर मराठी माध्यमाचा विद्यार्थी कायदा येत असूनही प्रश्न समजत नाही म्हणून चुकतो. अशी चूक मोजमापात अज्ञान म्हणून धरली जाते, ती वस्तुतः छापणाऱ्याची असते.

६

या विवेचनावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. परीक्षार्थी म्हणेल : 'परीक्षेतच क्रमांकांचे प्रश्न येत असतील तर मी क्रमांकांचाच सराव करणार. मला सनद टिकवावयाची आहे. वकिली मी पुढे ज्येष्ठांच्या हाताखाली शिकेन.' या म्हणण्यात तथ्य आहे. संच परीक्षेचे अनुकरण करतो, आणि परीक्षा जशी असेल तसा संच निघणार. क्रमांक विचारणारा प्रश्न रचण्यास सोपा व तपासण्यास निर्विवाद असतो. मोठ्या परीक्षेला त्याचा मोह पडतो हे स्वाभाविक आहे. ज्या परीक्षेत अधिनियम जवळ बाळगण्यास मुभा आहे तीत केवळ क्रमांक विचारणे म्हणजे परीक्षार्थीची पाने उलटण्याची चपळाई तपासणे होय, हे परीक्षकांनीही ध्यानी घेतले पाहिजे.

गुणांच्या वाटणीविषयीही असेच म्हणावे लागते. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासक्रमानुसार संविधान, दिवाणी प्रक्रिया व फौजदारी प्रक्रिया यांना प्रत्येकी १०, आणि दंडविषयक कायदा व पुरावा यांना प्रत्येकी ८ प्रश्न आहेत. या पाच विषयांचे प्रश्न होतात ४६. उत्तीर्ण होण्यास लागतात ४५. व्यावसायिक नीतीला आहेत ४. अर्थात् तयारीचा चतुर सल्ला देणारा हेच सांगणार, की पाच विषय धरा आणि नीती सोडा. गणित म्हणून हा सल्ला अचूक आहे. परंतु पक्षकाराच्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवावा, दाव्याच्या फलावर अवलंबून शुल्क ठरवू नये, ज्या प्रकरणात आपण वकील आहोत त्यातील लिलावात आपण बोली लावू नये, हे नियम त्या चार प्रश्नांत आहेत. ज्याला ते ठाऊक नाहीत असा माणूस न्यायालयात उभा राहण्यास योग्य आहे असे प्रमाणपत्र समाजाच्या वतीने दिले जाते, हे विसरून चालणार नाही. परवान्याची परीक्षा ही विद्यापीठीय परीक्षेहून वेगळी असते ती याच ठिकाणी. पदवी परीक्षेत विद्यार्थ्याने एखादा विषय सोडला तर नुकसान त्याचे होते. येथे ते जुन्नरच्या ठाण्यातून परत पाठविलेल्या त्या बाईंचे होते.

आक्षेपाचा दुसरा भाग, की वकिली पुढे शिकता येईल, तो अर्धाच खरा आहे. ज्येष्ठांच्या हाताखाली पुष्कळ शिकता येते. परंतु अधिनियम उघडून वाचण्याची सवय ज्याला लागलेली नाही, त्याला ज्येष्ठ सांगतील तेच कायदा वाटते. शिवाय वरील प्रयोगांवरून दिसते, की आठवून, शोधून, पडताळून केलेला अभ्यास परीक्षेसाठीही अधिक टिकतो. म्हणजे चांगल्या तयारीसाठी परीक्षार्थीने सनदेवर पाणी सोडावे अशी स्थिती नाही. त्याला एवढेच करावयाचे आहे, की पर्याय झाकून प्रथम उत्तर आठवावे; मग पर्याय पाहावेत; मग उत्तरतालिकेकडे न वळता अधिनियम उघडावा; आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंद, चूक कशाची होती ते लिहून, एका वहीत ठेवावी. ज्ञान नव्हते, प्रश्न नीट वाचला नाही, कोणत्या काळचा कायदा लागू ते पाहिले नाही, की कलम लावताना तर्क चुकला, या चार रकान्यांत बहुतेक चुका मावतात. अशी वही दोन महिन्यांत जे सांगते ते कोणताही छापील संच सांगू शकत नाही; कारण ती एकाच वाचकासाठी लिहिलेली असते.

शेवटी विद्यापीठीय विभागांविषयी. आपण या संचांना हलके लेखतो आणि त्यांची निर्मिती बाजारावर सोपवितो. परिणामी तालुक्याच्या गावाहून आलेला, शिकवणीवर्गाचे शुल्क न झेपणारा पदवीधर सर्वांत स्वस्त आणि म्हणून बहुधा सर्वांत सदोष संच विकत घेतो. प्रत्येक प्रश्नावर तारीख, प्रत्येक उत्तरासोबत तरतुदीचा निर्देश, आणि प्रत्येक त्याज्य पर्यायाचे कारण, असा शंभर प्रश्नांचा एक मराठी संच दरवर्षी तयार करणे हे एका विभागाच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रश्न रचावेत, अध्यापकांनी ते तपासावेत, आणि कायदा बदलला की जुने प्रश्न उघडपणे रद्द करावेत. प्रश्न रचणाऱ्यालाही यातून अभ्यास घडतो, हा त्याचा आनुषंगिक लाभ. हे होईपर्यंत बाजारातील संचांना नावे ठेवण्याचा आपला अधिकार मर्यादितच राहील.